कुंपणाबाहेरचे प्रशिक्षक

हडपसरच्या एका फुटबॉल क्लबच्या अकादमीत माझी मुलगी खेळायला जाते. तिथल्या प्रशिक्षक बाईंचं नाव मला अजून ठाऊक नाही. मुली त्यांना नुसतं ‘कोच’ म्हणतात. वय पन्नाशीचं, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी आणि बोलता बोलता पायाखाली चेंडू घोळवत राहायची सवय.

आम्ही पालक कुंपणाबाहेरून सारखे ओरडायचो. “पास दे! मार! मागे बघ!” एका रविवारी बाई चेंडू घोळवतच कुंपणाशी आल्या आणि सर्वांत मोठा आवाज असलेल्या गृहस्थांना म्हणाल्या, “अहो, आपण इतकं छान खेळताय, मग बूट का नाही आणलेत?”

सगळे हसलो, ते गृहस्थही हसले. मग बाई हळूच म्हणाल्या, “चेंडू मारायला मी शिकवीन. पण कुठे मारायचा, ते त्यांचं त्यांना सुचू दे की.”

पुढच्या सामन्यात चेंडू माझ्या मुलीकडे आला आणि समोरून दोघी धावून आल्या. तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. ती क्षणभर गोंधळली, मग तिने चेंडू चक्क मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे ढकलला आणि स्वतः मोकळ्या जागेत पळाली.

मी तर ‘मार!’ म्हणून ओरडणार होतो. पलीकडून बाईंनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला.