जावयाची जोडलेली गाडी

चावीकाकूला गाड्यांचा वीट आला होता. एखाद्या गाडीचा नव्हे, झाडून सगळ्या गाड्यांचा. आणि नेमकी अशाच माणसाच्या दारात गाडी येऊन उभी राहते, तीही भंगारातली, तीही जावयाची. नाही म्हणायची सोय नाही!

काकूचं दुकान म्हणजे एक शटर, एक काउंटर, चाव्या कापायचं यंत्र आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. वर दोन खोल्या. दुकान मुळात नवऱ्याचं. त्याच्या वेळी चावी म्हणजे पितळेचा तुकडा. कानशीनं घासली, कुलपात फिरली, विषय संपला. तो अचानक गेला तेव्हा लेक शाळेत होती. काकूनं कानस हातात घेतली, ती पुन्हा खाली ठेवायला सवडच झाली नाही. पुढे गाड्यांच्या चाव्यांत चिप आली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, चावीच्या मुठीत लपलेली. चावीचे दात जुळले तरी गाडी आधी चिपला विचारते, तू कोण? उत्तर बरोबर आलं तर इंजिन चालतं, नाहीतर दोन उचक्या देऊन गप्प. काकूनं तेही शिकून घेतलं, डोळ्यावर चष्मा चढवून आणि ज्यानं ही चिप काढली त्याचा उद्धार करत. शेजारचा गॅरेजवाला म्हणायचा, "काकू, गाड्यासुद्धा तुम्हाला टरकून असतात." काकू म्हणायची, "त्यांना तरी अक्कल आहे."

पण आता खांदे दुखायचे. बारीक अक्षर दिसायचं नाही. संध्याकाळी शटर ओढायचं म्हटलं तरी जीवावर यायचं.

जावई शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायचा. इथलं काम सुटलं तसा तो बायको-मुलीसह सासूच्या माडीवर राहायला आला. माणूस गरीब स्वभावाचा, पण घरजावई म्हटलं की लोकांना ऊत येतो. "काय जावईबापू, सासूबाईंनी आज बाहेर सोडलं वाटतं?" तो कसनुसं हसायचा आणि त्या दिवशी अर्धाच जेवायचा. आता कुठे लांबच्या शहरात चांगली नोकरी चालून आली होती. राहायला घर देणार होते. अट एवढीच, की स्वतःची गाडी हवी आणि सोमवारी हजर व्हायला हवं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

म्हणून त्यानं अपघातातली एक गाडी लिलावात उचलली होती. नाक चेपलेलं, चावीचा पत्ता नाही. दुसऱ्या एका मोडीतल्या गाडीचं नाक कापून त्यानं हिला बसवलं, आतले डबे, वायरी सगळं जोडलं आणि काकूसमोर आणून उभी केली.

"धड एकीचं, तोंड दुसरीचं," काकू गाडीभोवती फिरून म्हणाली. "आणि डोकं कुणाचं, जावईबापू?"

"अर्धं अर्धं," जावई खाली बघत म्हणाला.

तिथंच तर सगळी गोम होती. इंजिनाचा कॉम्प्युटर एका गाडीचा, चावी ओळखणारा डबा दुसरीचा, आणि दोघं एकमेकांना ओळख दाखवायला तयार नाहीत. जावयानं भंगारवाल्याकडून आणलेली रिमोटची चावी तिच्या जुन्या गाडीशी कायमची बांधलेली. ती हिच्याशी नांदेना. काकूनं नवी चावी मागवायला लावली. दोन डब्यांची समजूत पटवता पटवता गाडीची बॅटरी उतरली, चिपची गाडीशी ओळख करून देणारं मशीन मध्येच अडकलं, सगळं पहिल्यापासून. मग चार्जर लावून पुन्हा बसली. नाकी नऊ आले. शेवटी काचेमागचा, चावी ओळखली नाही असं सांगणारा लाल दिवा विझला आणि इंजिन सुरू झालं. जावयानं आनंदानं बॉनेटवर थाप मारली, नात टाळ्या पिटायला लागली. लेक जिन्यात उभी होती, तीही हसली.

त्याच संध्याकाळी लेकीनं चावीला जाड कापडाचं कव्हर शिवलं. पोरगी सारखी चावी आपटते, रिमोट फुटायचा, म्हणाली.

सकाळी गाडी चालू होईना. दोन उचक्या आणि गप्प, लाल दिवा लुकलुक. लेकीनं चावी खाली आणून दिली, तुला मशीनला लावायला अडचण नको म्हणून कव्हर काढून. काकूनं चावी लावली आणि गाडी मुकाट्यानं चालू झाली! दिवसभर चालू-बंद करून पाहिली, चौकापर्यंत फिरवून आणली. काही नाही. रात्री चावी परत वर गेली आणि दुसऱ्या सकाळी परत तेच रडगाणं. काकूनं चावीचा सेल बदलला. चिपला सेल लागत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, पण जावयाच्या चेहऱ्याकडे बघवेना. चावीच्या भोकाभोवती जी तारेची रिंग चिपला विचारते, ती बदलली. जोड तपासले. दुपारी गाडी शहाण्यासारखी वागायची, सकाळी हात वर. गॅरेजवाला म्हणाला, "काकू, ही गाडी तुम्हाला नाही हो टरकत."

आणि एक गोष्ट काकू कुणाला सांगू शकत नव्हती. सकाळी त्या दोन उचक्या ऐकू आल्या, की पोटात कुठेतरी बरं वाटायचं. आज तरी जात नाहीत. आज तरी माडीवर पावलं वाजतील, नात जिन्यावरून हाका मारेल. मग लगेच स्वतःची लाज वाटायची. त्या लाजेपायी ती दुप्पट खपायची, कारण मन लावून केलं नाही असं उद्या तिचं तिलाच वाटायला नको होतं.

रविवारी सकाळी गाडी अडली तेव्हा तिनं चावी खाली येण्याची वाट पाहिली नाही. गाऊनवर ओढणी टाकून तीच गाडीपाशी गेली. जावई बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. चावी कव्हरासकट गाडीलाच होती. काकूनं फिरवली. दोन उचक्या. उघडी चावी धरायच्या सवयीनं कव्हर ओढून काढलं आणि पुन्हा फिरवली. इंजिन चालू.

"झाली?" जावई ओरडला.

"थांबा जरा," म्हणत काकूनं ती बंद केली. कव्हर बोटांनी चाचपलं. शिवणीत काहीतरी टणक लागलं, दाण्याएवढं. तिला बघायची गरजच नव्हती. दुकानाच्या खणात मेलेल्या चाव्यांच्या असल्या चिपा ढिगानं पडलेल्या. एका चिपेशेजारी दुसरी आली, की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला एकीचंही ऐकू येत नाही. लहानपणी लेकीला हे सांगताना काकू म्हणायची, सवती आहेत गं, एका घरात नांदत नाहीत. पोर खो खो हसायची.

काकू जिना चढून वर गेली. लेक भांडी कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती.

"शिवण छान घातलीस," काकूनं कव्हर ओट्यावर ठेवलं.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "ह्यांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. आई, आजचा दिवस जाऊ दे फक्त. नोकरी गेली तर गेली, इथे मिळेल त्यांना काहीतरी." तिचा आवाज फुटला. "तुला तुझं दिसत नाही. परवा शटर अर्धं ओढून तू तशीच धरून उभी होतीस. मी वरून बघत होते. तुला एकटीला टाकून कशी जाऊ मी?"

राहा, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. तेच तर तिला आठवडाभर हवं होतं, आता समोर ताटात वाढून आलं होतं. पण खाली तो बिचारा कोपरापर्यंत काळा होऊन स्वतःच्याच नशिबाला बोल लावत होता. आणि लेक? आज तिनं नवऱ्याला फसवलं ते आईसाठी. उद्या ह्याच काउंटरमागे उभी राहून खांदे चोळेल, तेही आईसाठीच. नको. प्रेमानं समजावलं तर ही हलणार नाही, हे काकूला ठाऊक होतं. पोर तिचीच होती.

"कुणी सांगितलं तुला, मला कुणी लागतं म्हणून?" काकू म्हणाली. "कंटाळा आलाय मला तुमचा. उठल्यापासून तिघांचा पसारा, पोरीची किरकिर, त्याचं ते पडलेलं तोंड. दोन खोल्या आहेत माझ्या, धर्मशाळा नाही काढलेली. जरा पाय पसरून झोपू द्या मला माझ्या घरात."

वाईट हे, की त्यातलं सगळंच खोटं नव्हतं. दमलेल्या माणसाच्या तोंडून असलं बोलणं अडखळत नाही. म्हणून तर लेकीला ते पटलं.

लेक म्हणाली, "आधीच सांगायचंस." आणि खाली बसून राहिलेली भांडी भरायला लागली. एकही भांडं वाजलं नाही.

जावयाला काकूनं सांगितलं, एक जोड सैल होता, आता अडणार नाही. त्यानं किती वेळा आभार मानले! काकूनं त्याला हातानंच गप्प केलं.

दुपारी सामान चढलं. लेक निरोपाला आली, पण आईच्या पाया पडल्यासारखं करून लगेच वळली. नात मात्र आजीच्या कमरेला मिठी मारून बसली. "आजी, तू पण चल ना."

लेकीनं तिचे हात सोडवले. "चल गं. आजीला झोपायचंय."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. काकूनं हात वर केला. मागच्या काचेतून नात हलवत होती. पुढे बसलेल्या लेकीचं डोकं सरळच राहिलं. गाडी कोपऱ्यावर वळली, तरी काकूचा हात वरच होता.