कॅमेरा चालू ठेवा

मंगळवारी सकाळी वडील वारले. दहाव्या दिवशी मी केस आणि मिशी उतरवली. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला, गावी, चौसाळ्याच्या घरात खिडकीशी टेबल ओढून, मी पुण्याच्या ऑफिसच्या मीटिंगला बसलो.

कॅमेरा लावला आणि मिनिटभरात बंद केला. पडद्यावर इतरांच्या आधी मला माझाच चौकोन दिसला. आजोबा गेले तेव्हा वडिलांनीही अशीच मिशी उतरवली होती. मी शाळेत होतो. आठवडाभर त्यांच्याजवळ जायला धजलो नव्हतो. तोच चेहरा आता कोपऱ्यात होता, आणि मी ओठ हलवले की त्याचेही हलत होते.

पाच दिवस मी न दिसता बसलो. बोलून थांबलो की पलीकडे शांतता पसरायची आणि वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय. घरी लोक भेटायला यायचे, सतरंजीवर बसायचे, अर्धा अर्धा तास कुणी बोलत नसे. त्या गप्प बसण्याचा आधार वाटायचा. मीटिंगमध्ये दोन क्षण कुणी गप्प राहिलं की लगेच, "आवाज येतोय का?"

शुक्रवारी आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमचा फोन आला. "तुमचं दुःख कळतं मला. पण कॅमेरा बंद असला की तुम्ही आहात की नाही, तेच कळत नाही. सोमवारी काम सगळ्यांसमोर मांडायचंय, तेव्हा कॅमेरा चालू ठेवा. घरून जमत नसेल तर पुण्याला या."

पुण्याला गेलो असतो तर आई एकटी राहिली असती. ती घर आणि शेळ्या सोडायला तयार नव्हती. "शेरडं कुणाच्या जिवावर सोडू?" एवढंच म्हणायची.

रविवारी दिवसभर येरझारा घातल्या. माझ्या चौकोनावर कागदाचा तुकडा चिकटवून पाहिला. मग नजर त्या कागदावरच जाऊ लागली. काढून टाकला.

सोमवारी कॅमेरा लावला. आठ चेहरे. माझं डोकं पाहून सगळ्यांनी एकदमच माना खाली घातल्या. कुणीच बोलेना.

तेवढ्यात वडिलांची थोरली बहीण, दिंद्रुडची आत्या, चहा घेऊन आली. पडद्यावर माणसं माना खाली घालून गप्प बसलेली दिसताच तिनं पदर डोक्यावर घेतला. माईक चालूच होता.

"लई लांबून आलात, बाबांनो. आदी कावून न्हाई सांगितलं? चहाचं मोठं पातेलं ठिवलं असतं."

"आत्या, मीटिंग चाललीय."

"मग? भेटायलाच आलेत न्हवं?" ती खाटेवर टेकली. "ह्याला जरा बोलतं करा. निस्ता भिताडाकडं बघत बसतुय. आन् ती बाई कोण हाय? तोंड किती सुकलंय तिचं. जेवली न्हाईस का गं?"

मॅडम गडबडल्या. "जेवले, आत्या." मग त्यांनीच विचारलं, "कसं झालं हो?"

आत्यानं सांगितलं. सकाळी दात घासताना छातीत कळ आली, तांब्या हातातच होता. सगळं सांगितलं. आठही जण ऐकत राहिले, आणि आवाज येतोय का, असं कुणी विचारलं नाही.

"बोल आता," आत्या मला म्हणाली.

मी वीस मिनिटं बोललो. ही आता मधेच कुणाला काय विचारील, या धास्तीनं सगळा वेळ डोळा तिच्यावर होता. स्वतःच्या चौकोनाकडे बघायला सवड मिळाली नाही.

आत्या दुसऱ्या दिवशी गेली आणि तो चेहरा परत आला. अजूनही बोलता बोलता माझी नजर तिकडे जाते आणि वाक्य सुटतं. मॅडमनी पुण्याचं बोलावणं दिवाळीपर्यंत पुढे ढकललंय. सध्या घरात आई आणि मी आहोत.