ब्रेकरकाका

कुणाच्याही घरी जेवायला गेले की दिवेकरकाका बूट काढायच्या आधी विचारत, "मेन स्विच कुठंय?" इथल्या फ्लॅटमध्ये तो बहुधा दाराच्या वरच असतो, त्याला सगळे ब्रेकर म्हणतात. काका उंच. हात वर करून ते तो खाली ओढत, घर अंधारून जाई, आणि यजमानाला फर्मान सुटे, "आता फोन लावून दाखव." फोन अर्थातच लागत नसे, कारण टोकियोतल्या निशी-कसाईत आम्हा सगळ्यांच्या घरचे फोन इंटरनेटवरचे. काका मान हलवत, ब्रेकर पुन्हा वर करत आणि मग कुठे आत येत. आमची सहा वर्षांची ईरा त्यांना ब्रेकरकाका म्हणे आणि ते यायचे म्हटले की टॉर्च घेऊन दाराशी उभी राही. मेघना, माझी बायको, त्या दिवशी भात आधीच उरकून ठेवी.

काका आमच्या कंपनीत तांत्रिक प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. ग्योतोकुला दोन खोल्यांचं ऑफिस, सात माणसं आणि वर शाचो, म्हणजे आमचे जपानी मालक. काका मूळचे सांगलीचे. बरीच वर्षं उत्तरेकडच्या सेंदाईत काढून २०११च्या मोठ्या भूकंपानंतर एकटेच इकडे आले होते. काकू आजारानं गेल्या एवढंच सांगत. पुढे कुणी विचारलं की आमटीत गूळ किती घालावा, असला विषय काढत.

कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचायचा, ही त्यांची खोड. "पहिल्या पानावर सगळे गोडच बोलतात," म्हणत, "गोम परिशिष्टात असते." शिक्क्याचंही तसंच. जपानी ऑफिसात सहीच्या जागी नावाचा शिक्का मारतात. हाताखालच्या माणसानं तो वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा, अशी एक रीत आहे. आम्ही सगळे इमानेइतबारे कलते मारत असू. काका सरळ ठोकत. "मी कामाची खात्री देतोय, पाया कशाला पडू?" शाचो हसून सोडून देत.

भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी कंपनीला घरघर लागली. आमची बरीचशी परदेशी गिऱ्हाइकं जपान सोडून गेली होती. अशात एका अमेरिकी लष्करी तळाचं टेंडर निघालं. तळावर राहणाऱ्या कुटुंबांच्या घरांतले जुने तारेचे फोन काढून इंटरनेटवर चालणारे बसवायचे होते. शाचोंनी आम्हाला बोलावून सांगितलं, हे मिळालं तर कंपनी राहील, नाहीतर मार्चअखेर कुलूप. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. ईरा नुकती कुठे शाळेत रुळली होती. मेघना रोज संध्याकाळी एवढंच विचारी, "कळलं काही?" तिच्या त्या प्रश्नाची मला धास्ती बसली होती. दोन महिने आम्ही त्या टेंडरवर मरमर राबलो.

शेवटच्या दिवशी टेंडर चार वाजेपर्यंत पोचायला हवं होतं, आणि त्या दुपारी काका शेवटच्या परिशिष्टावर अडून बसले. प्रश्न साधा होता : वीज गेल्यावर घरातून आणीबाणीचा फोन किती वेळ लागू शकेल? आमच्या मुख्य यंत्राला चार तासांची बॅटरी होती. घरातल्या फोनला काहीच नव्हती, आणि घरोघर बॅटरी द्यायची तर आमचा दर सगळ्यांच्या वर जाणार होता. मी म्हटलं, चार तास लिहू, यंत्र तर चालूच राहतं की. काका म्हणाले, यंत्राचं कुणी विचारलेलं नाही, घरातल्या बाईच्या हातातल्या फोनचं विचारलंय. मी विनवण्या केल्या, व्हिसाचं सांगितलं, ईराचं सांगितलं. शेवटी माझा तोल गेला.

"तुमचं काय जातंय, काका? तुम्ही एकटे. मला बायको-पोर आहे."

ते रागावले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खाली बघत बोलू लागले. सेंदाईच्या घरातला जुना फोन त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता. त्या फोनला वीज त्याच्या तारेतूनच येते, घरातली गेली तरी तो बंद पडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काकू म्हणाल्या होत्या, "राहू द्या हो तो, काही खायला मागतोय का?" काका हसले होते. भूकंपाच्या दिवशी ते कामासाठी टोकियोत होते. गाड्या बंद, मोबाइल लागत नव्हते, घरचा फोन मुका. काकूंना हृदयाचा त्रास होता. चौथ्या दिवशी काका कसेबसे घरी पोचले, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, काकू सापडल्या तेव्हा रिसीव्हर त्यांच्या हातात होता.

"जुना लागलाच असता असं मी म्हणत नाही," काका म्हणाले. "सगळ्याच लाइनी तुंबल्या होत्या. पण काढला मी."

मग त्यांनी उत्तर लिहिलं : वीज गेल्यास घरातून फोन लागणार नाही. प्रत्येक घरात एक जुना तारेचा फोन राहू द्यावा आणि ब्रेकर बंद करून तो लावून पाहावा. खाली शिक्का मारला, नेहमीसारखा सरळ. शाचोंनी कागद दोनदा वाचला. याचा अर्थ काय होणार, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी शेजारच्या चौकटीत आपला शिक्का मारला, काकांच्या शिक्क्याकडे कलता. मालकानं नोकराकडे शिक्का वाकवलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या वेळी मला दोघांचाही संताप आला.

काम दुसऱ्या कंपनीला गेलं. मार्चअखेर कुलूप लागलं. मेघना आणि ईरा पुण्याला परत गेल्या. विमानतळावर ईरा रडली तीही जपानीतून. मी एका खोलीत राहून अर्जामागून अर्ज करत होतो, व्हिसाची मुदत संपत आली होती आणि कुठूनही होकार येत नव्हता. त्या दिवसांत मनातल्या मनात काकांना मी नाही नाही ते बोललो.

त्या खोलीत जाण्याआधी, फ्लॅट रिकामा करत होतो त्या दिवशी काका निरोप घ्यायला आले होते. ते कायमचे सांगलीला निघाले होते. दारात उभे राहताच त्यांचा हात सवयीनं वर गेला. वीज तोडून झाली होती, ब्रेकर आधीच खाली होता. हात तसाच ठेवून ते म्हणाले, "तुझी घडी विस्कटली माझ्यामुळे, कळतंय मला. पण पुन्हा वेळ आली तरी तेच लिहीन रे." मी त्यांना आत या म्हटलं नाही. बूट न काढताच ते जिना उतरून गेले. हे मी आजवर मेघनालाही सांगितलेलं नाही.

मुदत संपायला चार दिवस असताना मला नोकरी लागली. वर्षभरानं मायलेकीही परत आल्या. काकांना फोन करायचा राहून गेला, असं मी म्हणत असे. खरं म्हणजे मी केला नाही. मग एका वर्षी निशी-कसाईच्या गणपतीत प्रसाद घेताना कुणीतरी सहज म्हणालं, "अरे, ते दिवेकर गेले, कळलं ना?"

गेल्या वर्षी त्याच तळाचं नवं टेंडर माझ्या टेबलावर आलं. शेवटच्या पानापासून वाचायची खोड एव्हाना मलाही लागली आहे. परिशिष्टात अट होती : प्रत्येक घरात एक जुना तारेचा फोन असावा, आणि काम ताब्यात देताना ब्रेकर बंद करून तो लावून दाखवावा. आम्हाला हरवणारा तो कागद तिथे कुणीतरी एवढी वर्षं जपून ठेवला होता. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो.

खाली तांत्रिक प्रमुखाच्या चौकटीत माझा शिक्का हवा होता. शेजारची वरिष्ठाची चौकट रिकामी होती, साहेब बाहेरगावी होते. मी शिक्का त्या रिकाम्या चौकटीकडे चांगला वाकवून मारला. दुसऱ्या दिवशी साहेब तो पाहून खूश झाले. तो नमस्कार आपल्याला आहे, असं त्यांना वाटलं.