पिओंटेकच्या बैठकीतला समुद्र

योखेन पिओंटेकने जर्मनीतल्या हेर्ने गावच्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर उभी हयात काढली. पांढरा सदरा, पांढरी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. काठावरून पळणाऱ्यांवर ओरडायचं, बुडणाऱ्यांना काढायचं आणि अधूनमधून पाणी तपासून त्यात औषध घालायचं. निवृत्त होताना लोकांनी त्याला फुलं दिली, भाषणं केली, आणि कोणीतरी म्हणालं, "पाणी म्हणजे योखेन आणि योखेन म्हणजे पाणी." त्याने हे वाक्य मनावर घेतलं. पुढचं सगळं त्या वाक्याने केलं, असं तो स्वतःच सांगतो.

झालं असं, की गुडघा दाखवायला तो डॉक्टरकडे गेला होता. तिथे बसायच्या खोलीत भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. आत प्रवाळ डोलत होते, नारिंगी मासे त्यांच्यातून लपाछपी करत होते. योखेन बघत राहिला. त्याचं नाव पुकारलं गेलं, परत पुकारलं गेलं. शेवटी नर्सबाई येऊन म्हणाली, "पिओंटेक साहेब, कान पण दाखवायचे आहेत का?"

घरी येऊन त्याने बायकोला, मार्लीसला, जाहीर केलं, "आपल्याकडे समुद्र येणार."

"कुठून?" मार्लीस बटाटे सोलत होती. हेर्नेपासून समुद्र चांगला गाडीने काही तास लांब. आसपास होत्या त्या कोळशाच्या खाणी, त्याही बंद पडलेल्या.

"मी करणार. खारं पाणी, प्रवाळ, सगळं."

"तुला ओरडायला कोणी उरलं नाही म्हणून मासे आणतोयस," मार्लीस म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

गावात हौशी मत्स्यपालकांचं मंडळ होतं. दर शुक्रवारी एका बियरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते जमायचे. अध्यक्ष हाइडे ओस्टकाम्प, फुलांचं दुकान चालवणारी, भरदार आवाजाची बाई. योखेन पहिल्याच शुक्रवारी गेला, बियर मागवली, आणि म्हणाला, "मासे-प्रवाळ यांच्याबद्दल सांगा. पाण्याबद्दल मला काही सांगायची गरज नाही."

हाइडेने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं, निदान त्याला तरी ते कौतुक वाटलं. "वा," ती म्हणाली, "अशा माणसाची आम्ही वाटच बघत होतो."

मग मार्लीसच्या आईचं चिनी मातीच्या भांड्यांचं कपाट बैठकीतून बोळात गेलं आणि त्या जागी काचपेटी आली. गाळलेलं पाणी आलं, मिठाच्या पिशव्या आल्या. मीठ विरघळेना तेव्हा योखेनने मार्लीसचं केक घोटायचं यंत्र बादलीत घातलं. ते यंत्र मिठाने गंजून गेलं. नवीन आणल्यावर मार्लीसने ते कपाटात कुलूपबंद ठेवलं.

पाण्यात वाळू आणि दगड घातले. आणि मग, मंडळाने बजावल्याप्रमाणे, थांबायचं होतं. आठवड्यांवर आठवडे नुसतं थांबायचं. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते घाण पचवायला शिकतात, तोवर मासे घालायचे नाहीत. योखेनने शेजारपाजाऱ्यांना मात्र पहिल्याच दिवशी समुद्र बघायला बोलावून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या सेव्हिमबाई आल्या. मूळच्या तुर्कस्तानच्या, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, पण चेष्टा करायची सवय सुटलेली नव्हती. पेटीसमोर उभ्या राहून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"मासे कुठे आहेत, पिओंटेक साहेब?"

"यायचेत अजून."

"मग हे काय आहे?"

"तयारी."

"माझ्या नवऱ्याने पण अशीच गच्चीत बाग करायची तयारी केली होती," सेव्हिमबाई म्हणाल्या. "कुंड्या अजून आहेत."

थोड्या दिवसांनी वाळूवर, दगडांवर, काचेवर तपकिरी बुळबुळीत थर धरला. नव्या पेटीत असा थर येतोच आणि हात न लावता आपोआप जातो. पण योखेनच्या तलावावर तपकिरी थर म्हणजे वरून चौकशी. त्याने बाह्या सरसावल्या, दगड बाहेर काढले, नळाखाली ब्रशने घासून पांढरे केले, वाळू चाळून धुतली. संध्याकाळी पेटी अशी लखलखत होती की त्याने फोटो काढून हाइडेला पाठवला.

तिचा लगेच फोन आला. "योखेन, तू नक्की काय केलंस?"

"साफ केलं."

"नळाच्या पाण्याने?"

"अर्थात."

"अरे बाबा, त्या दगडांत जे काही जगत होतं ते तू मोरीत सोडलंस. समुद्र आहे तो. पोहायचा तलाव नाही! आता पहिल्यापासून."

पहिल्यापासून सुरू झालं. मार्लीस फोनवर बहिणीला सांगताना त्याच्या कानावर आलं, "हो गं, अजून दगडच. पण आता स्वच्छ आहेत."

शेवटी मासे आले. नारिंगी-पांढरी क्लाउनफिशची जोडी, एक निळा, एक चिमुकला पिवळा. मऊ प्रवाळ आले, बोटांसारखे, छत्र्यांसारखे. दिवा लागला की सगळं हळूहळू उमलायचं, आणि योखेन समोर खुर्ची टाकून बसायचा. त्याचं कोणी ऐकत नव्हतं. निळ्याने पिवळ्याला हुसकलं तर योखेन काचेवर टकटक करायचा, आणि निळा त्याच्याकडे बघून पुन्हा पिवळ्याच्या मागे लागायचा. दगडाच्या फटीतून काचेसारखी पारदर्शक, झुबकेदार फुलं उगवली, तेव्हा त्याने ती मार्लीसला अभिमानाने दाखवली. ती फुलं म्हणजे पेटीतलं तण, एकदा आलं की जात नाही, हे त्याला मंडळात कळलं. तोवर त्याने त्यांना खाऊ घालून पोसलं होतं.

वाळू साफ राहावी म्हणून त्याने समुद्रकाकडीही आणली. नावाला काकडी, पण जिवंत प्राणी; वीतभर लांब, काळी, सुस्त. ती दिवसभर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत वाळू खायची आणि मागून सोडायची. योखेनने तिला 'उपमहापौर' असं नाव दिलं. नगरपालिकेत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं नाव सुचणं अवघड होतं.

सप्टेंबरात मंडळाचा फेरफटका असायचा. सगळे सभासद एकेका घरी जाऊन पेट्या बघायचे, कॉफी-केक खायचे, आणि बाहेर पडल्यावर नावं ठेवायचे. योखेनने हट्टाने पहिलं घर आपलं लावून घेतलं. त्या शनिवारी सकाळी उठल्याबरोबर त्याला वाटलं, पाणी जरा मंद हलतंय. प्रवाळ कसे डौलात डोलले पाहिजेत! ठेवणीतला मोठा पंप त्याने बाहेर काढला. त्याच्या तोंडाची जाळी मिळेना. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून त्याने तो तसाच लावला, डोलणाऱ्या प्रवाळांकडे समाधानाने पाहिलं आणि दाढी करायला गेला.

दाढी करून येतो तर पंप विचित्र घरघरत होता. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. उपमहापौर कुठे दिसत नव्हता. योखेनने पंप बंद करून उचलला आणि त्याच्या तोंडात अडकलेला उपमहापौर त्याला दिसला.

समुद्रकाकडी अशी मेली की अंगातलं विष पाण्यात सोडते. हे योखेनला ठाऊक होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, हाइडेने सांगितलं होतं, त्याने मानही हलवली होती. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

एखाद्या शहाण्या माणसाने दार उघडून 'वाचवा' म्हटलं असतं. योखेनने टेबलावरचं भरतकाम केलेलं कापड ओढलं आणि पेटीवर पसरलं.

"आत या, आत या! आधी कॉफी. पेटी मग. जरा गंमत आहे," तो म्हणाला.

मंडळी बसली. मार्लीसने आलुबुखारचा केक कापला, साईचं भांडं फिरलं, केकवर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या हाकलून झाल्या. योखेन हवेबद्दल बोलला. मग गुडघ्याबद्दल बोलला. मग फुटबॉलबद्दल बोलला, ज्यातलं त्याला काही कळत नव्हतं. हाइडे केक खाता खाता कापडाकडे बघत होती. योखेनला आतल्या आत कळत होतं की प्रत्येक घोटाबरोबर तिथे कोणीतरी गुदमरतंय. इतकी वर्षं काठावर उभं राहून तो एकाच गोष्टीवर नजर ठेवत आला होता, आणि आता तो साई वाढत होता.

कापडाखाली पाणी जोरात सळसळलं. मग पुन्हा.

योखेनने कपबशी खाली ठेवली, उठला आणि कापड ओढून काढलं. "मी मारलं," तो म्हणाला. "जाळी न लावता पंप लावला. काकडी त्यात गेली. तुम्ही यायच्या आधीच. मला लाज वाटली म्हणून झाकून ठेवलं."

कोणी हसलं नाही. हाइडेने केकचा उरलेला तुकडा तोंडात कोंबला आणि उभी राहिली.

"माझ्या दुकानामागे पिंपभर तयार खारं पाणी आहे. वोल्फगांग, गाडी काढ. इंगो, तुझ्याकडचा कोळसा सगळा आण. योखेन, मासे कशात ठेवणार? स्वच्छ भांडं पाहिजे, साबण न लागलेलं."

कोळसा म्हणजे पाण्यातलं विष शोषून घेणारा. हेर्नेत जन्मलेल्या आणि बापाने खाणीत आयुष्य घातलेल्या योखेनच्या घरात त्या दिवशी कोळशाचा एक खडा नव्हता. त्यावर इंगो पुढे कित्येक महिने बोलत राहिला.

भांड्यासाठी योखेन जिना उतरून सेव्हिमबाईंच्या दारात गेला. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि बाल्कनीतून लोणच्याची दोन मोठी प्लास्टिकची पिंपं ओढून आणली.

"धुतलेली आहेत. यंदाचं कोबीचं लोणचं अजून घातलं नाही म्हणून रिकामी. वास थोडा येईल."

"चालेल, चालेल."

"अहो, माशांना विचारा. आणि थांबा, एकट्याने काय नेताय, मी धरते."

दुपारभर घराचा धोबीघाट झाला. बादल्या वर, बादल्या खाली. जाडजूड वोल्फगांग जाळीने मासे धरायला पेटीत खांद्यापर्यंत हात घालून उभा, हाइडे वरून सूचना करतेय, मार्लीस नाकपुडीवर खाऱ्या पाण्याचा थेंब घेऊन पिंपात हवेची नळी धरून बसलेली. निळा गेला. बरेच प्रवाळ गळून पडले. क्लाउनफिशची जोडी वाचली. पिवळा मात्र सापडेना. मग दगडाच्या फटीत आडवा पडलेला दिसला. मार्लीसने त्याला ओंजळीत घेऊन पिंपात सोडलं. तो तळाशी जाऊन पडला.

"उठ रे एर्विन," ती म्हणाली. "उठ, माझ्या राजा."

योखेनने वळून पाहिलं. "एर्विन?"

"सगळ्यांना नावं आहेत," मार्लीस डोळे न उचलता म्हणाली. "तू विचारलं नाहीस कधी."

पेटीतलं पाणी बदललं, कोळशाच्या पिशव्या सोडल्या, आणि सगळे उरलेल्या केकभोवती ओल्या बाह्यांनी बसले. तेव्हा हाइडे म्हणाली, "माझी पहिली पेटी मी हीटर भलताच वाढवून शिजवली होती. रस्सा झाला होता नुसता." इंगोने पेटी फुटून पियानोत पाणी गेल्याचं सांगितलं. वोल्फगांगने औषधाची मात्रा दहापट घातल्याचं सांगितलं, आणि हे बायकोला अजून माहीत नाही असं म्हणून तो तिच्याकडे बघायला लागला, कारण ती शेजारीच बसली होती. सेव्हिमबाई हसून हसून डोळे पुसत होत्या.

एर्विन दुसऱ्या दिवशी सरळ पोहायला लागला. त्याला लोणच्याचा वास लागला होता की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. काचेसारख्या तणाला मात्र काहीएक झालं नव्हतं. विष, कोळसा, नवं पाणी, सगळं पचवून ते आधीपेक्षा टवटवीत उभं होतं.

योखेनने ठरवलं, आता पुरे. पेटी विकायची आणि आईंचं कपाट परत बैठकीत आणायचं. त्याने तसं सांगितलं तेव्हा मार्लीस अंडी फोडत होती.

"कपाट आहे तिथे बरं आहे," ती म्हणाली. "येताना मीठ आण. संपलंय."

मंडळींनी आपापल्या पेट्यांतून प्रवाळाचे तुकडे कापून आणून दिले. वर्षभरात दगडांवर जांभळी खरपुडी चढली, म्हणजे पेटी रुळल्याची खूण, आणि तुकड्यांची झुडपं झाली. योखेन आता खुर्चीवर बसताना हात मांड्यांखाली दाबून बसायचा, म्हणजे ते पाण्यात जायचे नाहीत.

मंडळाच्या वार्षिक सभेत त्याला चिटणीस व्हायचं होतं. भाषणही तयार होतं. त्याऐवजी हाइडेने उभं राहून सुचवलं की नवशिक्यांना सल्ला देण्याचं काम योखेनकडे द्यावं. "जे जे चुकू शकतं ते याने स्वतः चुकून पाहिलेलं आहे," ती म्हणाली. ठराव एकमताने संमत झाला. योखेनने स्वतःही हात वर केला, तो कशासाठी हे त्यालाही नीट कळलं नाही.

आता शुक्रवारी कोपऱ्यातल्या टेबलाशी तो बसतो. नवीन कोणी आलं की आधी आपण कोणाकोणाला कसं मारलं ते क्रमाने सांगतो. काहीजण घाबरून उठून जातात. एक तरुण जोडपं, दोघेही शाळेत शिकवणारे, सगळं ऐकूनही बसून राहिलं आणि पेटी घ्यायचं ठरवूनच गेलं.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. सगळं तपकिरी झालंय, भयंकर दिसतंय, एकदा येऊन बघाल का? योखेनने बूट चढवले. मार्लीसने केकचा डबा बांधून हातात दिला आणि दारातच त्याला अडवलं.

"तिथे जाऊन कशालाही हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"वचन दे."

त्याने वचन दिलं. संध्याकाळी तो परतला तेव्हा डबा रिकामा होता आणि उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

"एक दगड जरा वाकडा होता गं," योखेन म्हणाला.