पहिलं कुंकू आजींना

इथे परदेशात, रोटोटुना उपनगरातली आमची शेजारीण विशीतली, इथेच जन्मलेली. बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

तिच्या आईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुण्याहून आलेल्या तिच्या विधवा आजी रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरातच बसल्या होत्या. हिने त्यांना हाताला धरून हॉलमध्ये आणलं आणि कुंकवात बोट बुडवलं.

"अगं, आजीला नसतं लावायचं!" आई दबक्या आवाजात म्हणाली.

"व्हाय नॉट? शी इज द ओल्डेस्ट, मम. आजी फर्स्ट."

आजी मागे सरकल्या. हिने जबरदस्ती केली नाही, बोट तसंच धरून शांत उभी राहिली. एवढा धीर मी आमच्या वयाच्या बायकांतही पाहिलेला नाही.

शेवटी आजींनी डोळे मिटले आणि स्वतःच कपाळ पुढे केलं. पुढचं कुंकू लावून घ्यायला मी उठून त्यांच्या मागे उभी राहिले.