तिच्या खाटेशी बोललेलं मराठी

तंजावूरच्या आम्हा मराठी माणसांना एक खोड आहे, आणि घरात ती सगळ्यांत जास्त मला. चारचौघांत काही झाकून बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलतो. साडीच्या दुकानात भाव पटला नाही, सांगून आलेला मुलगा आवडला नाही, ऑटोवाला लबाड वाटला, की झालं सुरू. समोरचा तमिळ माणूस नुसता बघत राहतो आणि आपण मोकळे. मुलांशी मात्र तमिळच. माझी नात दुसरीत आहे. मी मराठीत विचारलं तरी उत्तर तमिळमध्ये. "हिला मेलं मराठी येतच नाही," असं मी आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना नजर सुनेकडे. सून ओरत्तनाडूच्या शाळेत शिकवते, सकाळची बस गाठते. पोरीशी दोन शब्द बोलायला हिला वेळ कुठला, हा माझा ठरलेला टोमणा.

यंदा मार्गळी महिन्याच्या थंडीत नातीला ताप आला. सून म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ या. मी म्हटलं, "काही नको. सर्दीचा ताप आहे, मिरी-सुंठीचा कषाय देते, उतरेल. तू जा शाळेला, मी मेले नाही अजून." ती गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या आणि ओठ काळसर पडले होते. न्यूमोनिया. रात्र पडायच्या आत मुलांच्या अतिदक्षता विभागात तिच्या घशात नळी घालून तिला श्वासाचं यंत्र लावलं होतं. माझा मुलगा नोकरीला आखातात. तो येईपर्यंत आम्ही दोघीच.

मला वाटलं, आता काचेतून लांबूनच बघायचं. पूर्वी तसंच असे. पण तिथली डॉक्टर, माझ्या सुनेच्याच वयाची, आम्हाला थेट खाटेशी घेऊन गेली. ती तमिळमध्ये नीट समजावून सांगायची. यंत्रावरच्या मुलांना आधी गाढ झोपवून ठेवत, म्हणाली, पण अभ्यास करता करता लक्षात आलं की त्या झोपेच्या औषधांनीच मुलं जास्त अशक्त होतात, घाबरतात, जागी झाल्यावर बरळतात. म्हणून आता औषध बेतानं द्यायचं, दिवसा जागं राहू द्यायचं, घरच्यांनी जवळ बसून बोलायचं. "डोळे मिटलेले असले तरी ऐकू येतं तिला," ती मला म्हणाली. मी मान हलवली. अगं बाई, केवढं पुढे गेलंय हे सगळं, असं कौतुकही वाटलं. पण कौतुक वाटणं निराळं आणि डोक्यात शिरणं निराळं.

रोज सकाळी डॉक्टर यंत्राचा जोर कमी करून बघत. पोर स्वतःचा श्वास स्वतः घेते का? घेतला तर नळी निघणार, नाही तर पुन्हा यंत्र. एका सकाळी सगळं जुळून आलं होतं. सिस्टरनं आम्हा दोघींना दोन बाजूंना बसवलं आणि हात धरायला सांगितले. पोर छान श्वास घेत होती. सून पोरीच्या केसांवरून हात फिरवत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

माझ्या भीतीला एकच वाट ठाऊक आहे, आणि ती जिभेवरून जाते. सिस्टरला संशय येऊ नये म्हणून मी चेहरा हसरा ठेवला, आवाज स्तोत्र म्हणावं तसा गोड केला, आणि खाटेपलीकडच्या सुनेला मराठीत म्हणाले, "आता रडतेस? ताप अंगात असताना पोरीला टाकून शाळेला गेलीस. पोरीपेक्षा नोकरी प्यारी. हिचं काही बरंवाईट झालं ना, तर माझ्या घरात पाय ठेवू नकोस."

सून पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. कषाय कुणी दिला, जा कुणी म्हटलं, सगळं.

नातीनं डोळे उघडले. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिचा श्वास असा काही धावायला लागला की यंत्र ओरडू लागलं. सिस्टर धावली, डॉक्टर आली, जोर पुन्हा वाढवला. "आज नको," डॉक्टर म्हणाली. "एवढा वेळ इतकं छान चाललं होतं. काय झालं एकदम? तुम्ही काय बोलत होतात?"

मी पोरीची चादर सारखी करू लागले. सून तमिळमध्ये म्हणाली, "काही नाही. देवाचं म्हणत होत्या."

"मग म्हणत राहा," डॉक्टर मला म्हणाली. "तिला बरं वाटेल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते मला त्या स्टुलावर कळलं. मी उठलेसुद्धा नाही.

त्यानंतर मी खाटेशी जायची, हात धरायची, पण तोंड उघडायची नाही. सुनेला "माझं चुकलं" म्हणायचं रोज ठरवून घरून निघायची आणि रोज तसंच घेऊन परत यायची. ती मला डब्यातून दहीभात द्यायची आणि मी खायची. लाज वाटते हे लिहायला, पण खायची.

नळी निघाली तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. पोर खोकली, रडली, पाण्यात भिजवलेला कापूस ओठांना लावून घेतला. सिस्टर खुशीत होती. वाकून तमिळमध्ये म्हणाली, "बोल राजा, काहीतरी बोल."

नातीनं आधी सिस्टरकडे बघितलं. तिला कळू नये असं काहीतरी बोलायचं असावं, हे मी ओळखलं, कारण ती नजर माझीच आहे. मग माझ्याकडे वळून, बसलेल्या आवाजात, ती चक्क मराठीत बोलली.

"आजी, तू बाहेर जा. तू अम्माला रडवतेस."

सिस्टर हसली. "ही कुठली भाषा? काय म्हणतेय?"

सुनेनं तोंड उघडलं, पुन्हा मला झाकायला. मी तिचा हात दाबला आणि सिस्टरला तमिळमध्ये सांगितलं, "मला बाहेर जा म्हणतेय. मी तिच्या आईला रडवते म्हणून. आणि ती म्हणते ते खरं आहे."

मग मी उठले आणि बाहेर गेले.