आमच्यापैकी कुणाचीच तशी मागणी नाही

वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी ब्राउनश्वाइगमधल्या आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष झाले. बाकीच्यांचं जर्मन ‘आल्झो’ आणि ‘गेनाऊ’ या भरतीच्या शब्दांवर चाललेलं; माझं वाक्य निदान शेवटापर्यंत पोचायचं. मंडळ म्हणजे पीएचडी करणारे आम्ही सहा जण. फेराइन, म्हणजे संस्था, म्हणून रीतसर नोंदणी करायची तर सात सभासद लागतात, म्हणून सातवी सही काकूंची घेतली. काकू आमच्या कुणाच्या नात्यातल्या नव्हत्या. काका तरुणपणी इंजिनिअर म्हणून इथे आले आणि दोघं इथलेच झाले. आम्ही सगळ्यांनी इथला पहिला हिवाळा काकूंच्या हातचं जेवून काढला होता.

नोंदणीची घाई होती, कारण काका नुकतेच गेले होते. जर्मनीत अस्थी घरच्यांच्या हाती देत नाहीत, कलश दफनभूमीतच ठेवावा लागतो. हा विषय ज्या-त्या राज्याचा, आणि आमच्या राज्याचा त्याबद्दलचा कायदा त्या सुमारास नव्याने होत होता. काकूंची इच्छा साधी होती. निवृत्तीनंतर काका रोज ओकर नदीच्या काठाने फिरायचे, त्यांना त्या पाण्यात सोडायचं. मुदत मागून घेऊन काकूंनी कलश क्रेमाटोरियममध्ये, म्हणजे दहनगृहातच, ठेवला होता.

कायदा करण्याआधी हॅनोव्हरमधल्या आमच्या राज्याच्या विधिमंडळाची समिती संबंधित संघटनांचं म्हणणं ऐकून घेते. एकट्या काकूंना तिथे कोण विचारतो? संघटना हवी. पण कुठली संघटना खरोखर कुणाची, तिच्यामागे किती माणसं, त्यांना विचारलंय का, हे तपासणारा नियम तेव्हा राज्यात नव्हता. समितीला वाटेल त्याला ती बोलावणार, आणि त्याने आपण कुणाच्या वतीने आलो ते सांगितलं की झालं. आम्ही पत्र पाठवलं, एका आमदारबाईंनी आमचं नाव सुचवलं आणि चक्क बोलावणं आलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

निवेदन लिहायला आम्ही सहा जण माझ्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात जमलो. काकूंना कशाला त्रास, म्हणून बोलावलं नाही. आमच्यातला एक म्हणाला, “नदीचं काढून टाकू या. अस्थी भारतात न्यायची परवानगी सोपी करा, एवढंच मागू. ते ह्यांना पटेल. नदीबिदीचा विषय काढला तर हेही हातचं जाईल.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. आमचे आईवडील तिकडे होते आणि आज ना उद्या आपण परत जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. अस्थी म्हटलं की गोदावरी, यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

समितीपुढे आमच्या आधी थडग्यांचे दगड घडवणाऱ्यांच्या संघटनेचे एक गृहस्थ बोलले. दफनभूमीची सक्ती सैल केली तर आमच्या लोकांच्या हाताला काम राहणार नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. किती आपमतलबी, मला वाटलं. आज वाटतं, ज्यांनी त्यांना पाठवलं होतं त्यांचंच ते बोलले.

मग मी बोलले. संस्कृती, परंपरा, गोदावरी, सगळं आलं. माझं झाल्यावर त्याच आमदारबाईंनी विचारलं, “आणि इथल्या नदीत? तुमच्या लोकांना तसं हवं आहे का?” त्यांनी विचारलंही आपुलकीनं. एक दार त्यांनी किलकिलं केलं होतं. पण दगडवाल्या गृहस्थांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला समजूतदार दिसायचं होतं. “नाइन,” मी म्हणाले, “नाही, आमच्यापैकी कुणाचीच तशी मागणी नाही.”

काकू मागे प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या होत्या.

परतीच्या गाडीत त्यांनी मला संत्रं सोलून दिलं. म्हणाल्या, “छान बोललीस.” मी सारवासारव करायला गेले, “काकू, तिथे हो म्हटलं असतं ना, तर सगळंच...”

“अगं, कळलं मला. जर्मन येतं मला.”

मी संत्र्याच्या साली गोळा करून कागदात बांधल्या.

माझ्या एका ‘नाइन’मुळे कायदा तसा झाला, असं नाही. माझ्याहून वजनदार लोक होते तिथे. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण जिच्यासाठी आम्ही तिथे गेलो होतो, ती समोर बसलेली असताना मी तिला ‘कुणीच नाही’ करून टाकलं होतं. कायदा झाला. नदी नाहीच. परदेशी नेण्याचा दाखला मात्र मिळत होता.

पानगळीच्या दिवसांत काकूंनी मला घरी बोलावलं. “तू डिसेंबरात भारतात जाते आहेस ना? मग ह्यांना घेऊन जा. माझ्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपायचा नाही.”

“काकू, आपण अजून एकदा अर्ज करून बघू.”

“नको गं. तूच सांगितलंस ना तिथे, आपल्या लोकांना तिकडेच न्यायचं असतं म्हणून.”

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्या खरंच मला समजावून सांगत होत्या. मग म्हणाल्या, “तिकडे आता ह्यांना ओळखणारं कुणी उरलं नाही. लगेच पाठ फिरवू नकोस. जरा वेळ थांब.”

नाशिकला अस्थी गोदावरीत सोडल्या आणि मी थांबले. घाटावर गर्दी होती, आणि काकांना गर्दी आवडत नसे.